पगाराची फोड, उचल आणि ठेकेदाराचं चलन: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ग्राहकमित्रहो,

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. तेव्हापासून तुमच्यापैकी बहुतेकांचा आम्हाला एकच प्रश्न असतो: आमच्या पगारपत्रकात काय बदलायचं?

सुरुवात पगाराच्या फोडीपासून करा. मूळ पगार जेमतेम ठेवायचा आणि उरलेला आकडा भत्त्यांत टाकायचा, ही लहान कारखान्यांची जुनी रीत. आता घरभाडे, प्रवास असे वेतनातून वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीची रक्कम वेतनातच धरली जाते.

समजा सुपरवायझरला ४०,००० रुपये मिळतात: मूळ पगार आणि महागाई भत्ता १४,०००, घरभाडे १६,०००, प्रवास १०,०००. भत्ते झाले २६,०००, म्हणजे निम्म्यापेक्षा ६,००० जास्त. त्यामुळे कायद्याच्या हिशेबाने त्याचं वेतन १४,००० नव्हे, २०,००० रुपये. पीएफ १५,००० रुपये वेतनाच्या मर्यादेपर्यंतच भरत असाल, तर हिशेब १४,००० ऐवजी १५,००० वर होतो आणि महिन्याला तुमचे १२० आणि त्याचे १२० रुपयेच वाढतात. खरा फरक ग्रॅच्युइटीत पडतो. दहा वर्षांच्या नोकरीला १४,००० वर सुमारे ८०,७७० रुपये होतात, २०,००० वर सुमारे १,१५,३८५. ही तरतूद आजपासून बाजूला काढायला हवी. माणूस निवृत्त व्हायच्या महिन्यात एवढी रक्कम उभी करताना लहान मालकाची किती ओढाताण होते, ते आम्ही जवळून पाहिलं आहे.

फोड सरळ करा, आडवाटा शोधू नका. सगळ्यांना सरसकट दिला जाणारा विशेष भत्ता पीएफच्या हिशेबात मूळ पगारातच धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ लाच सांगितलं आहे. आणि हातात येणारा पगार शंभर-सव्वाशेने कमी होणार असेल, तर पगाराच्या आधी कामगाराला बसवून समजावून सांगा.

दुसरी गोष्ट कामगार सोडून जाताना येते. राजीनामा असो, नोकरकपात असो की कामावरून काढणं, त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. "पुढच्या दहा तारखेला ये" हे आता चालणार नाही. इथे अडचण पैशांपेक्षा नोंदींची असते. एका वर्कशॉपमधला वेल्डर नोकरी सोडून गेला, तेव्हा त्याची सगळी उचल मालकाच्या खिशातल्या डायरीत पेन्सिलने लिहिलेली होती. सही एकाही नोंदीवर नव्हती. पैसे खरोखर दिले होते, पण दाखवायला काही नव्हतं. तेव्हा उचल देताना त्याच दिवशी सही घ्या आणि शिल्लक रजा दर महिन्याला मांडा. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्या, हेल्परलाही. मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटी मिळते, त्यामुळे रुजू झाल्याची तारीख कागदावर हवीच.

कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ आणि ईएसआयचा (कामगार विम्याचा) हिस्सा त्याचा आहे, तुमच्या खेळत्या भांडवलाचा नाही. गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलं म्हणून चलन (या पैशांचा भरणा) थांबवू नका; पुढच्या महिन्याची १५ तारीख पाळा. कापून न भरलेला हिस्सा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ नुसार फौजदारी विश्वासघात मानला जातो. याबाबत आम्ही कुणालाही सवलतीचा सल्ला देणार नाही.

ठेकेदाराची माणसं "आपली नाहीत" असं समजू नका. त्याने पगार थकवला, तर तो मुख्य मालकाने, म्हणजे तुम्ही द्यायचा आणि मग त्याच्या बिलातून वसूल करायचा. म्हणून बिल पास करण्याआधी पीएफ चलनासोबत नावांची यादी मागा आणि ती तुमच्या गेटच्या हजेरीशी ताडून पाहा. नुसत्या चलनावरून पैसे कुणाच्या नावावर भरले ते कळत नाही.

दहा किंवा अधिक कामगार असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. "आमच्याकडे बाई कामाला नाही" हे उत्तर पुरत नाही: कायदा एकूण माणसं मोजतो, आणि कामानिमित्त आलेली बाहेरची स्त्रीही तक्रार करू शकते. समिती नेमली नाही, तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

तपासणीसाठी आमच्याकडे येताना शेवटच्या तीन महिन्यांचं पगारपत्रक, हजेरीपट, पीएफ-ईएसआयची चलनं, ठेकेदाराचा करार आणि उचलीची वही आणा. वही अर्धवट असेल तरी आणा, पण येण्याआधी ती नव्याने लिहून काढू नका.