छप्पर जागेवर, घर जमीनदोस्त

भूकंपानंतर विमानातून काढलेल्या फोटोत सगळ्यांत फसवं काही असेल तर ते छप्पर. जपानमधली जुनी लाकडी घरं बघा: वर जड कौलं, खाली भिंती कमी असलेला तळमजला. मोठा हादरा बसला की तळमजल्याचे खांब कलंडतात आणि वरचा मजला अख्खाच्या अख्खा खाली बसतो. आकाशातून मात्र कौलं ओळीने लावलेली दिसतात. आत माणसं अडकलेली असली, तरी नकाशावर त्या घरापुढे ‘ठीक’ अशी खूण पडते.

ही फसगत उंची मोजून पकडता येते. विमानात बसवलेलं लायडार जमिनीकडे दर सेकंदाला लाखो लेसर स्पंद सोडतं आणि प्रत्येक स्पंद परत यायला किती वेळ लागला ते टिपतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो. जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे उंचीत 15 सेंटिमीटर. आधीच्या मोजणीतून नंतरची वजा केली, की खचलेलं घर उघडं पडतं.

पण ‘आधीची’ मोजणी असते कुणाकडे? जपानमधल्या कुमामोतोत 2016 च्या भूकंपात ती निव्वळ योगायोगाने मिळाली. 14 एप्रिलच्या रात्री 6.5 तीव्रतेचा धक्का बसला, म्हणून 15 तारखेला विमानातून लायडार मोजणी झाली. खरा मोठा धक्का, 7.3 तीव्रतेचा, त्यानंतर 16 च्या पहाटे आला! 23 तारखेला पुन्हा मोजणी झाली. माशिकी गावात उंची सुमारे अर्ध्या मीटरहून जास्त घटली असेल तर घर कोसळलं, असं मानून संशोधकांनी पडलेली घरं ओळखली. वजाबाकी सरळ नव्हतीच. तिथली जमीन काही ठिकाणी जवळपास दोन मीटर आडवी सरकली होती. ती सरक आधी काढली नसती, तर घराच्या उंचीतून शेजारचं अंगण वजा झालं असतं.

तरी बचावाच्या दृष्टीने 23 तारीख म्हणजे फार उशीर. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी पहिले 72 तास मोलाचे. तेवढ्या वेळात हाताशी येतात ते हेलिकॉप्टरमधून तिरके काढलेले फोटो. त्यांत भिंती दिसतात, मजले मोजता येतात. दोनमजली घराचा एकच मजला दिसला तर पथक कुठे पाठवायचं ते कळतं.

शिवाय एका प्रकारच्या घरापुढे उंचीही हतबल ठरते, आणि तो प्रकार आपल्या ओळखीचा आहे. 1993 साली किल्लारी परिसरात काही माळवदाच्या घरांचा लाकडी सांगाडा उभाच राहिला, जाडजूड दगडी भिंती तेवढ्या ढासळल्या. अशा घराची उंची फारशी घटत नाही. ते ओळखायचं तर कॅमेरा बाजूनेच रोखावा लागतो.