आधी खुर्ची, मग स्पीकर

होम थिएटर लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो कोणते स्पीकर घ्यायचे हा. मला वाटतं, त्याआधी एक साधा प्रयोग करून पाहावा. सबवूफरवर, म्हणजे फक्त खालचे, जाड सूर वाजवणाऱ्या स्पीकरवर, ४० हर्ट्झचा (सेकंदाला ४० कंपनांचा) एकच अखंड सूर लावायचा आणि खोलीभर सावकाश चालायचं. भिंतीजवळ तो सूर छातीत घुमतो. चार पावलं पुढे आलं की विरळ होतो. आणि एखाद्या जागी तर तो जवळपास नाहीसाच होतो, कुणी मधेच बटण दाबलं की काय असं वाटावं इतका. अजून दोन पावलं टाकली की पुन्हा हजर. सबवूफर तोच, सूर तोच. बदलते ती फक्त कानाची जागा. हा अनुभव एकदा घेतला की बसायची जागा ठरवल्याशिवाय स्पीकरच्या जागेबद्दल बोलणं व्यर्थ का आहे, ते आपोआप कळतं.

असं का होतं? साधारण तापमानाला ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. त्यामुळे ४० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी भरते साडेआठ मीटर, म्हणजे सुमारे २८ फूट. तुमची खोली १४ फूट लांब असेल, तर ही लहर त्या लांबीत बरोबर अर्धी बसते. पुढच्या भिंतीवरून निघालेली लहर मागच्या भिंतीवर आपटून परत येते आणि येणाऱ्या लहरीत मिसळते. तयार होतो तो स्थिर तरंग, ताणलेल्या तारेवर होतो तसाच. हवेच्या दाबाचा चढउतार दोन्ही भिंतींपाशी सर्वाधिक असतो आणि बरोबर मध्यावर, सात फुटांवर, जवळपास शून्य. कानाला कळतो तो दाबातला हाच बदल. तो जिथे नाही, तिथे सूर नाही.

आणि हा काही एकटा सूर नव्हे. त्याच लांबीत ८० हर्ट्झची पूर्ण लहर बसते. तिच्या शांत जागा पाव आणि पाऊण लांबीवर, म्हणजे साडेतीन आणि साडेदहा फुटांवर येतात. १२० हर्ट्झची दीड लहर बसते आणि तिची एक शांत जागा पुन्हा मध्यावरच असते. रुंदी आणि उंचीचे सूर आणखी वेगळे. थोडक्यात, प्रत्येक खोलीचे स्वतःचे काही सूर ठरलेले असतात. तुम्ही कितीही उत्तम स्पीकर आणा, तो या सुरांच्या राज्यातच वाजणार.

म्हणून खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नये, कारण तिथे खालचा सूर हरवतो. सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नये, कारण तिथे सगळेच खालचे सूर एकदम फुगतात आणि संवाद त्या घुमण्यात बुडतात. पडद्याच्या भिंतीपासून लांबीच्या तीनपंचमांश ते दोनतृतीयांश अंतरावर या तिन्ही लहरींपैकी एकही पूर्ण शांत नसते. १४ फुटांच्या खोलीत हे अंतर साडेआठ ते सव्वानऊ फूट येतं. इथूनच शोध सुरू करावा. खरी खोली काही रिकामा, सरळ कडांचा डबा नसते; दारं, खिडक्या, कपाटं हिशोब थोडा हलवतात. पण सुरुवात चुकीच्या जागी होत नाही.

खोलीच्या रुंदीत मात्र अडचण येते. डावा आणि उजवा स्पीकर आपल्यापासून सारख्या अंतरावर हवेत, म्हणून मध्यरेषेवर बसणं भाग असतं, आणि रुंदीच्या पहिल्या सुराची शांत जागा नेमकी तिथेच असते. यावरचा एक देखणा उपाय म्हणजे दोन सबवूफर. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला, की त्या दोन भिंतींमधला पहिला सूर दोन्हीकडून उलटसुलट चेतवला जातो आणि परस्पर विझतो. तो सूर खोलीत माजतच नाही, त्यामुळे सोफ्यावरच्या सगळ्यांना बास, म्हणजे खालचे सूर, जवळपास सारखा ऐकू येतो. टॉड वेल्टी या अभियंत्याने २००२ साली वेगवेगळ्या मांडण्यांचा पद्धतशीर हिशोब मांडला. आयताकृती खोलीत ही दोनची मांडणी चांगलं काम देते आणि चारपेक्षा जास्त सबवूफर लावून फारसं काही पदरात पडत नाही, असं त्यातून दिसलं. दोन लहान सबवूफर एका मोठ्यापेक्षा बरे, हे माझं ठाम मत याच कारणाने बनलं आहे.

एकच सबवूफर असेल तर त्याची जागा शोधायची युक्ती मला फार आवडते. सबवूफर उचलून चक्क आपल्या खुर्चीवर ठेवायचा, खालच्या सुरांचं संगीत लावायचं आणि भिंतीकडेने जमिनीलगत रांगत ऐकत जायचं. जिथे सगळे सूर एकसारखे, न फुगता न दबता ऐकू येतील, तिथे सबवूफर ठेवायचा आणि आपण खुर्चीवर जाऊन बसायचं. जसं तिथे ऐकलं तसंच इथे ऐकू येतं. ध्वनी देणारा आणि ऐकणारा यांच्या जागा आपसांत बदलल्या तरी मधल्या वाटेचा परिणाम तोच राहतो, हे हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १९व्या शतकात दाखवून दिलं होतं. तेच तत्त्व आपल्याला गुडघ्यांवर रांगायला लावतं.

आता वरच्या सुरांकडे येऊ. इथे खोलीपेक्षा आपल्या डोक्याची रचना महत्त्वाची ठरते. आवाज कुठून आला हे आपण दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली हे मांडलं: खालच्या सुरांसाठी दोन कानांत आवाज पोहोचण्याच्या वेळेतला फरक उपयोगी पडतो, वरच्या सुरांसाठी तीव्रतेतला. आवाज अगदी बाजूने आला तरी हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. इतक्या बारीक फरकावर मेंदू दिशा ठरवतो.

याच सवयीचा उपयोग करून दोन स्पीकरांमधल्या रिकाम्या जागेतून आवाज येतो आहे असा भास निर्माण करता येतो. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ साली या विषयावरच्या पेटंटसाठी अर्ज केला. सिनेमा पाहताना पात्र पडद्यावर एका टोकाला आणि आवाज मात्र भलतीकडून, हे खटकल्यामुळे ते या कामाकडे वळले, असं सांगितलं जातं. डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला, म्हणजे प्रत्येक स्पीकर समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर आला, की हा भास सर्वांत नीट उमटतो.

पण तो फार नाजूक असतो. समजा स्पीकर तुमच्यापासून अडीच मीटरवर आहेत. तुम्ही जागेवरून फक्त ३५ सेंटीमीटर डावीकडे सरकलात, तर डावा स्पीकर उजव्यापेक्षा जवळपास तेवढाच जवळ येतो आणि त्याचा आवाज एक सहस्रांश सेकंद आधी पोहोचतो. मेंदू आधी आलेल्या आवाजाचीच दिशा खरी मानतो. जर्मनीत हेल्मुट हास आणि अमेरिकेत हान्स वालॅख व त्यांचे सहकारी यांनी १९४९ साली हे प्रयोगांनी दाखवलं. परिणामी मधोमध वाटणारं पात्र तुमच्यासाठी थेट डाव्या स्पीकरमधून बोलू लागतं. तीनजणांच्या सोफ्यावर कडेला बसणारा माणूस तर याहून कितीतरी जास्त बाजूला असतो.

सेंटर स्पीकर हवा तो यासाठी. मधल्या जागेवरून प्रत्यक्ष आवाज आला की भासावर विसंबून राहावं लागत नाही. ही कल्पना जुनी आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियात वाजत असलेला वाद्यवृंद वॉशिंग्टनमधल्या सभागृहात टेलिफोनच्या तारांवरून ऐकवला, तो डावा, मधला आणि उजवा अशा तीन स्वतंत्र मार्गांनी. घरात हा मधला स्पीकर बहुतेक वेळा टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला दिसतो. त्याने आवाज कप्प्यातच घुमतो. तो कडेपर्यंत पुढे ओढावा आणि त्याचं तोंड किंचित वर करून कानांच्या रोखाने वळवावं. एवढ्यानेही संवाद स्वच्छ होतात.

सराउंड स्पीकर, म्हणजे बाजूने-मागून आवाज देणारे स्पीकर, मागच्या कोपऱ्यांत टांगायची सवय सोडायला हवी. पाच स्पीकरांच्या मांडणीत त्यांची शिफारस केलेली जागा १०० ते १२० अंशांवर, म्हणजे बाजूला आणि कानांच्या थोडी मागे असते. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ही जागा उरतच नाही; तिथून पुढे सरकण्याचं हे दुसरं कारण. शिवाय खुर्चीची पाठ डोक्याच्या वर जात असेल तर मागून येणारे वरचे सूर तिथेच अडतात. पाठ खांद्यापर्यंतच असावी, किंवा सराउंड स्पीकर कानांहून फूट-दीड फूट उंच लावावेत. छतातले स्पीकर हा पुढचा टप्पा झाला. चित्रपटगृहांत २०१२ साली डॉल्बी अ‍ॅटमॉस या वरूनही आवाज देणाऱ्या ध्वनिपद्धतीबरोबर ते आले. पण खालची मांडणी जमल्याशिवाय त्यांच्या मागे लागू नये.

पडद्याचं अंतर सांभाळणं सोपं आहे. पडद्याची रुंदी डोळ्यांपाशी ३० ते ४० अंशांचा कोन करत असेल तर चित्र पुरेसं मोठं दिसतं. ६५ इंची टीव्हीसाठी हे अंतर साधारण दोन ते पावणेतीन मीटर भरतं. कानांनी ठरवलेली जागा यात बसत नसेल, तर मी आधी टीव्ही पुढेमागे करून पाहीन, खुर्ची नव्हे.

राहिलं परावर्तन. १८९५ साली हार्वर्डमधल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. ते दुरुस्त करायचं काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनचा पाइप वाजवायचा आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजायचं, असा क्रम चालवला. पहाटेपूर्वी गाद्या परत जागेवर. जितक्या गाद्या वाढल्या तितका आवाज लवकर विरला, आणि त्यातूनच सभागृहांच्या ध्वनिरचनेचं पहिलं भरवशाचं सूत्र निघालं. बसायची गादी हेच त्या शास्त्राचं पहिलं माप होतं, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आजही कापडी सोफा, जाड गालिचा, पडदे हे खोलीतले मोठे शोषक असतात. बाजूच्या भिंतींवर पहिलं परावर्तन कुठून येतं ते शोधायला आरसा पुरतो. आपण खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्याने आरसा भिंतीलगत सरकवत न्यायचा. जिथे त्यात पुढचा स्पीकर दिसेल, तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा हवा. मात्र सगळ्या भिंती कापडाने मढवू नयेत. त्याने वरचे सूर मरतात आणि बास तसाच घुमत राहतो. साडेआठ मीटरच्या लहरीला बोटभर जाडीचा गालिचा जाणवतसुद्धा नाही.

रिसीव्हरबरोबर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राबरोबर, मिळणारा मायक्रोफोन अंतरं आणि पातळ्या छान जुळवतो आणि फुगलेले सूरही दाबू शकतो. पण शांत जागा तो भरून काढू शकत नाही. तिथे आवाज वाढवला की जाणारी लहर आणि तिला विझवणारी परतीची लहर दोन्ही सारख्याच वाढतात आणि वजाबाकी तेवढीच उरते. त्या जागेवरून उठणं हाच इलाज.

म्हणून भिंतीला भोकं पाडण्याआधी एक संध्याकाळ काढावी. साधी खुर्ची घ्यावी, खालचे सूर एकेक करून लावावेत आणि खुर्ची वीतवीत पुढेमागे सरकवत ऐकावं. जिथे एकही सूर हरवत नाही आणि एकही अंगावर येत नाही, तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावावी. मग त्या खुणेवर बसून दोरीने पुढच्या स्पीकरांची अंतरं मोजावीत.