खऱ्या पत्रकाचे वजन

‘१५ ऑगस्टला युद्ध संपले आहे, डोंगरातून खाली या’, अशा आशयाचे पत्रक १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये फिलिपिन्समधील लुबांग बेटावरच्या चार जपानी सैनिकांच्या हाती पडले. पत्रकातला शब्द न् शब्द खरा होता. तरीही त्या चौघांपैकी हिरो ओनोदा हा अधिकारी जंगलातून बाहेर आला तो थेट मार्च १९७४ मध्ये.

याला हट्ट किंवा वेड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ओनोदाचे तर्कशास्त्र तपासले, तर त्यात वेडेपणा फारसा सापडत नाही, आणि हीच त्यातली अस्वस्थ करणारी बाब आहे. एखादा पुरावा आपले मत किती बदलू शकतो, याचे गणित थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात आढळते. तो त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे की, पुराव्याचे वजन त्याच्या खरेपणावर ठरत नाही. आपले मत बरोबर असते तर हा पुरावा दिसण्याची शक्यता किती आणि ते चूक असते तर किती, या दोहोंच्या गुणोत्तरावर ते ठरते. युद्ध संपले असेल तर पत्रके पडतील, हे खरे; पण युद्ध चालू असेल आणि शत्रू धूर्त असेल, तरीही पत्रके पडतीलच. दोन्ही शक्यता सारख्या मानल्या, की गुणोत्तर १ येते आणि मत जिथल्या तिथे राहते. ओनोदाचे प्रशिक्षण हेरगिरीचे आणि गनिमी युद्धाचे होते. शत्रू खोटे कागद पेरतो, हे त्याला पढवूनच पाठवलेले होते.

त्यामुळे पुढचा प्रत्येक पुरावा त्याच चाळणीतून गेला. सोबतच्या आकात्सूने १९५० मध्ये शरणागती पत्करली आणि आपल्याला चांगली वागणूक मिळाल्याची चिठ्ठी ठेवली. उरलेल्या तिघांनी एवढाच अर्थ काढला की, आता आपला ठावठिकाणा शत्रूला कळला. १९५२ मध्ये विमानातून घरची पत्रे आणि छायाचित्रे टाकण्यात आली, तीही बनावट ठरली. १९५९ च्या शोधमोहिमेत खुद्द भाऊ येऊन ध्वनिक्षेपकावरून हाका मारू लागला, ओळखीचे गाणे म्हणू लागला. शेवटी त्याचा सूर ढळला आणि हा तोतया आहे, असे ओनोदाने ठरवून टाकले. सर्वांत विलक्षण गोष्ट वर्तमानपत्रांची आहे. जपानमधील सुरळीत जीवनाच्या बातम्या वाचून त्याची खात्री उलट वाढली, कारण देश हरला तर शेवटचा माणूसही जिवंत राहणार नाही, हेच युद्धकाळात त्याच्या मनावर बिंबवलेले होते. माणसे जिवंत आहेत, त्याअर्थी देश हरलेला नाही.

मुळातला आधार काढून घेतला तरी मत टिकते, हे मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रयोगातून दाखवले. विद्यार्थ्यांना आत्महत्येपूर्वीच्या खऱ्या आणि बनावट चिठ्ठ्या ओळखायला सांगून त्यांना मनचे गुण देण्यात आले; ते गुण खोटे होते हे नंतर स्पष्ट सांगितल्यावरही, ज्यांना जास्त गुण मिळाले होते ते स्वतःला या कामात अधिक हुशार समजत राहिले. इथे पणाला काहीच लागलेले नव्हते. लुबांगवर मात्र ओनोदाच्या उरलेल्या दोन साथीदारांपैकी शिमादा १९५४ मध्ये आणि कोझुका १९७२ मध्ये गोळीला बळी पडला होता. बेटावरचे सुमारे ३० जण या सैनिकांच्या हातून मारले गेले, असे मानले जाते (शौर्यकथा सांगताना हा आकडा बहुधा गाळला जातो). युद्ध संपल्याचे मान्य करायचे, तर या सगळ्या मृत्यूंना काय नाव द्यायचे, हा प्रश्न समोर उभा राहिला असता.

फेब्रुवारी १९७४ मध्ये नोरिओ सुझुकी या भटक्या तरुणाने त्याला गाठले, तेव्हा ओनोदाने एकच अट घातली : आपल्या वरिष्ठाचा हुकूम हवा. एवढे एकच दार त्याने उघडे ठेवले होते. ते वरिष्ठ, मेजर तानिगुची, तोवर पुस्तकविक्रेते झाले होते. ९ मार्चला ते बेटावर आले आणि त्यांनी युद्ध थांबवण्याचा हुकूम वाचून दाखवला. ओनोदा ताठ उभा राहून ऐकत होता. हे सगळे दिखाव्यासाठी असणार, आता मेजर जवळ येऊन खरा हुकूम कानात सांगतील, असे त्याला वाटत होते. मेजर जवळ आले नाहीत. थोड्या वेळाने त्याने रायफलमधल्या गोळ्या काढल्या.