ध्वजावरची खडकी आणि छातीवरची खडकी

जुनी नाणी आणि पदकं जमवणाऱ्यांच्या वर्तुळात माझी ओळख ‘आयरिश पलटणींवाला’ अशी झाल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनी एक फोटो येतोच. पदक दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाचं (१८९९–१९०२), कडेवर ब्रिटिश सैन्यातल्या रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स या आयरिश रेजिमेंटचं नाव, आणि खाली ठरलेला प्रश्न: ‘ही रेजिमेंट खडकीला पेशव्यांशी लढली होती ना? मग हे पदक खडकीचं आहे का?’ कधी उलटं असतं. विकणाऱ्याने पुठ्ठ्यावर झोकात लिहिलेलं असतं, ‘खडकी विजेत्या पलटणीचं शौर्यपदक’. खडकी खरी, पलटण खरी, पदकसुद्धा खरं. तिघांना एका दोऱ्यात ओवलं की मात्र सगळं खोटं होतं.

गोंधळाचं मूळ एकच आहे. बॅटल ऑनर, म्हणजे युद्धसन्मान, आणि मोहिमेचं पदक (किंवा त्याच्या फितीवर बसणारी लढाईच्या नावाची धातूची पट्टी, म्हणजे क्लॅस्प) या दोन गोष्टी लोक एकच समजतात. दोन्हीवर बहुतेक वेळा तेच नाव असतं. गफलत तिथूनच सुरू होते.

पदकाबद्दल फार बोलत नाही. ते तुम्ही हातात धरलेलं असतं. एवढंच लक्षात ठेवा की मोहिमेचं पदक शौर्याबद्दल मिळत नाही, हजेरीबद्दल मिळतं. त्या मुदतीत त्या मुलखात होतात, पदक मिळालं. सरसकट ‘शौर्यपदक’ म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. व्हिक्टोरिया क्रॉस हा वेगळा प्रकार, ते खरोखरच शौर्यपदक. डब्लिन फ्युजिलियर्सना पहिल्या महायुद्धात ते तीन मिळाले, तिन्ही सार्जंटांना.

युद्धसन्मान माणसाला मिळतच नाही. तो रेजिमेंटला मिळतो. लढाईचं नाव तिच्या यादीत चढतं, रेशमी ध्वजावर भरलं जातं, आणि पुढे ती रेजिमेंट दुसरीत विलीन झाली तर वाड्याबरोबर देवघरही यावं तसं नव्या घरात येतं. पदक मेलेल्या माणसाच्या कुटुंबाकडे जातं, सन्मान मात्र पलटणीकडेच राहतो. लढाईत असलेला शेवटचा माणूस जाऊन शंभर वर्षं झाली तरी तो तिथेच असतो.

रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण या ‘आयरिश’ रेजिमेंटचा अर्धा संसार मुंबईचा आहे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, तेव्हा बेटाचा ताबा घेण्यासाठी १६६२ मध्ये सैनिक धाडले गेले. १६६८ मध्ये बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं आणि सैनिकही कंपनीचे झाले. त्यांचीच पुढे बॉम्बे युरोपियन रेजिमेंट झाली. १८५७ नंतर कंपनी गेली, पलटण राणीची झाली आणि १०३वी रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स म्हणवली जाऊ लागली. १८८१ च्या फेररचनेत मद्रासची १०२वी पहिली बटालियन आणि मुंबईची १०३वी दुसरी बटालियन धरून रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स तयार झाली. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश माणूस आधीही भरपूर होता, पण रेजिमेंट म्हणून ती आयरिश झाली ती १८८१ मध्ये. ‘आयरिश रेजिमेंट प्लासीला लढली’ हे वाक्य वाचलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

आता खडकी. ५ नोव्हेंबर १८१७. मुंबईहून निघालेली युरोपियन पलटण ऑक्टोबरच्या अगदी शेवटी पुण्याला पोचली होती. संगमावरची रेसिडेन्सी सोडून एल्फिन्स्टन खडकीच्या फौजेला जाऊन मिळाला, गणेशखिंडीकडून बापू गोखल्यांची फौज आली आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून बघत राहिले. ही गोष्ट मराठी वाचकाला मी सांगायला नको. इंग्रजांच्या कागदांत खडकीचं झालं ‘किरकी’, आणि बॉम्बे युरोपियन रेजिमेंटच्या यादीत ‘किरकी’ हा सन्मान चढला.

आणि त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या शिपायाचं काय? त्याला तेव्हा काहीच मिळालं नाही. कंपनीने ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर केलं ते थेट १८५१ मध्ये. खडकीला वीस वर्षांचा असलेला पोरगा तोवर चोपन्न वर्षांचा झाला होता, अर्थात जिवंत असला तर. आणि जिवंत असणं हीच अट होती. हयात असलेल्याने स्वतः मागायचं. विधवेला नाही, मुलाला नाही. या पदकावर ‘किरकी’ अशी पट्टी आहे, ‘पूना’ अशी वेगळी आहे, आणि दोन्ही ठिकाणी हजर असलेल्यांसाठी ‘किरकी अँड पूना’ अशी तिसरी आहे. डब्लिनच्या सन्मानयादीत मात्र ‘पूना’ नाही. म्हणजे एकाच महिन्यातल्या, एकाच पलटणीच्या, एकाच मोहिमेचे हे दोन हिशेब. पलटणीने एक नाव ठेवलं, शिपायाच्या छातीवर दोन आली. तीही त्याने आणखी चौतीस वर्षं काढली तर.

पट्टी आणि सन्मान यांची नावं जुळली तर तो योगायोग समजा, नियम समजू नका. दोन्ही ठरवणारी टेबलं वेगळी होती, काळ वेगळा होता आणि कसोटीही वेगळी. पट्टीचा प्रश्न असा: हा माणूस अमुक तारखांना अमुक रेषेच्या आत होता का? सन्मानाचा प्रश्न असा: ही पलटण पलटण म्हणून तिथे होती का? पहिल्या महायुद्धानंतर तर नियमच झाला, की बटालियनचं मुख्यालय आणि निम्मं तरी प्रत्यक्ष बळ लढाईत हवं. एखादी तुकडी दुसऱ्यांच्या मदतीला गेली तर तिच्या माणसांना पट्टी मिळू शकते, रेजिमेंटला नाव मिळत नाही.

सन्मान आहे आणि पदक नाही, असं घडतं का? भरपूर. डब्लिनच्या यादीत ‘बेनी बू अली’ आहे. ओमानमध्ये १८२० साली कंपनीच्या एका तुकडीची वाताहत झाली, म्हणून १८२१ मध्ये मुंबईहून दुसरी फौज गेली, त्याचं हे नाव. ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या मुदतीत ही मोहीम बसते, तरी तिची पट्टी निघालीच नाही. ‘एडन’ही तसंच. जानेवारी १८३९ मध्ये बंदर घेतलं, नाव ध्वजावर गेलं, शिपाई रिकामा. मद्रासवाल्यांकडून आलेलं १७५१ चं ‘अर्काट’ तर अशा काळातलं आहे, की मोहिमेत असलेल्या प्रत्येकाला पदक द्यावं ही कल्पनाच तेव्हा नव्हती. म्हणून ‘अर्काटचं पदक’ कुणी दाखवलं तर चहा प्या आणि घरी या.

उलट बाजूही आहे. बोअर युद्धासाठी राणीच्या नावाने निघालेल्या पदकाला सव्वीस पट्ट्या होत्या, त्यातली एक ‘तलाना’. २० ऑक्टोबर १८९९ ला तलाना टेकडीवर दुसरी बटालियन, म्हणजे आपली मुंबईवाली, चढली. माणसांना पट्टी मिळाली, पण रेजिमेंटच्या यादीत ‘तलाना’ नाही. त्या युद्धातून यादीत दोनच नावं आली: ‘रिलीफ ऑफ लेडीस्मिथ’ (म्हणजे लेडीस्मिथ गावाचा वेढा उठवणं) आणि ‘साउथ आफ्रिका १८९९–१९०२’. ‘रिलीफ ऑफ लेडीस्मिथ’ नावाची पट्टीही आहे, आणि नाव हुबेहूब जुळतं म्हणूनच इथे लोक फसतात. पट्टीची अट अशी होती: १५ डिसेंबर १८९९ ते २८ फेब्रुवारी १९०० या काळात नाताळ प्रांतात एस्टकोर्ट या गावाला किंवा त्याच्या उत्तरेला असणं. एस्टकोर्टात बसून पोती मोजणाऱ्यालाही ती मिळते. तलानाच्याच दिवशी हुसारांबरोबर, म्हणजे ब्रिटिश घोडदळाबरोबर, भरकटून बोअरांच्या हाती लागलेल्या डब्लिनच्या घोडेस्वार शिपायाला मात्र ती नाही, कारण तेव्हा तो कैदेत होता. रेजिमेंटचा सन्मान त्याचाही आहे, पट्टी नाही. एखाद्या पदकावर ‘तलाना’ आहे आणि ‘लेडीस्मिथ’ नाही, असं दिसलं की विकणारा म्हणतो, ‘पट्टी पडली असेल’. पडली नसेल हो. कदाचित तीच त्या माणसाची सगळी गोष्ट असेल.

आणि कोलेन्सो? १५ डिसेंबरला टुगेला नदीच्या वळणात जनरल हार्टच्या आयरिश ब्रिगेडबरोबर डब्लिनवाले कापले गेले. त्या नावाची पट्टीही नाही आणि सन्मानही नाही. ‘कोलेन्सो’ सापडतं ते दगडावर. डब्लिनमध्ये सेंट स्टीफन्स ग्रीन बागेच्या तोंडाशी १९०७ ची फ्युजिलियर्स आर्च आहे, तिच्यावर तलाना, कोलेन्सो, टुगेला हाइट्स ही नावं कोरलेली आहेत. आयरिश राष्ट्रवाद्यांनी त्या कमानीला फितुरांचा दरवाजा असं नाव ठेवलं ते वेगळंच. सांगायचं इतकंच, की स्मारकावरची यादी ही तिसरीच यादी. तिचा फोटो काढून ‘बघा, तलाना हा सन्मान होता’ म्हणू नका.

लखनौचं तर विचारूच नका. मद्रास फ्युजिलियर्सकडून डब्लिनला ‘लखनौ’ हा सन्मान आला. १८५७ च्या उठावाच्या पदकावर मात्र लखनौच्या तीन पट्ट्या आहेत: ‘डिफेन्स ऑफ लखनौ’, ‘रिलीफ ऑफ लखनौ’ आणि नुसती ‘लखनौ’. जनरल हॅवलॉकबरोबर लखनौच्या रेसिडेन्सीत घुसलेल्यांना, म्हणजे वेढा फोडायला गेलेल्यांना, पट्टी मिळाली ती ‘डिफेन्स’ची, कारण आत गेल्यावर तेही वेढ्यात अडकले. नाव वाचून अर्थ लावायला जाल तर तोंडावर पडाल.

पहिल्या महायुद्धाने हे अंतर टोकाला नेलं. २५ एप्रिल १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या ‘व्ही’ नावाच्या किनाऱ्यावर पहिली बटालियन बहुतांशी उघड्या होड्यांतून उतरली आणि पाण्यातच मेली. इतकी माणसं पडली, की उरलेले डब्लिनवाले आणि मन्स्टर फ्युजिलियर्स या दुसऱ्या आयरिश रेजिमेंटचे लोक काही दिवस एकत्र करून एकच पलटण चालवावी लागली. रेजिमेंटच्या नावावर त्याबद्दल ‘लँडिंग ॲट हेलीस’ आहे. वाचलेल्या माणसाला काय मिळालं? १९१४–१५ चा स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. १९१५ च्या डिसेंबरात फ्रान्सला उतरून भटारखान्यात लागलेल्यालाही अगदी हीच तीन. वॉर मेडलवर लढायांच्या पट्ट्या द्यायचा बेत होता, खर्चाला घाबरून तो सोडून दिला. म्हणून या पदकांवरून माणूस कुठे लढला ते कळत नाही. अपवाद १९१४ च्या स्टारचा, हे वेगळं पदक. ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये गोळीबाराखाली आलेल्यांना त्याची पट्टी होती. दुसरी बटालियन ऑगस्टातच फ्रान्सला पोचली होती, म्हणून तिच्या जुन्या माणसांकडे ती दिसते. पण तीही मागून घ्यावी लागे, आणि कित्येकांनी मागितलीच नाही.

एप्रिल १९१६ मध्ये याच रेजिमेंटच्या काही बटालियन डब्लिनच्या रस्त्यांवर, ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या आयरिश बंडखोरांविरुद्ध उतरल्या. त्याबद्दल सन्मानही नाही, पट्टीही नाही. त्या आठवड्याचं पदक निघालं ते १९४१ मध्ये, आयरिश सरकारने काढलेलं, बंडखोरांसाठी.

बाकीचे गोंधळ किरकोळ. जालंधर-सोलनचं आयरिश सैनिकांचं १९२० चं बंड डब्लिनवाल्यांचं नव्हे, कॉनॉट रेंजर्सचं. झाशीवर चालून गेलेली मुंबईची गोरी पलटण तिसरी बॉम्बे युरोपियन, ती पुढे लीन्स्टर रेजिमेंटमध्ये गेली. ‘कोरेगाव’ पट्टी वेगळी, लढाई वेगळी, पलटणही वेगळी. तिचा डब्लिनशी काही संबंध नाही.

टोपीवरचा बिल्ला मात्र मला फार आवडतो. पेटता ग्रेनेड, त्यावर वाघ आणि खाली हत्ती. १८९५ मध्ये डब्लिनमधल्या लिफी नदीकाठच्या गल्लीतून भरती झालेल्या पोराने वाघ-हत्ती बघितलेच असतील तर डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयात. बिल्ला पलटणीचा, पलटणीने वारशात मिळवलेला. त्यावरून माणूस हिंदुस्थानात होता असं ठरवू नका. माणसासाठी पदकाची कड वाचा: क्रमांक, हुद्दा, नाव, रेजिमेंट. कड घासून पुन्हा कोरलेली असेल तर बोटाला खोलगट लागते. मग लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पदकांच्या हजेरीयाद्या बघा. प्रत्येक पट्टी कुणाला मिळाली ते तिथे नावानिशी असतं.

सन्मानाचं पुढे काय होतं तेही बघा. १२ जून १९२२ ला विंडसरला दक्षिण आयर्लंडच्या बरखास्त होणाऱ्या रेजिमेंटांनी आपले ध्वज राजाकडे सोपवले. त्यांत डब्लिनचेही होते, आणि जुलैअखेर रेजिमेंट संपली. ‘किरकी’ वाहणारं तिथे कुणी उरलं नाही. इकडे स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने आपल्याच लोकांविरुद्धच्या लढायांचे सन्मान बाजूला ठेवले, खडकी त्यांतच. पदकाला असं काही होत नाही. १८५१ मध्ये कुण्या म्हाताऱ्या शिपायाने अर्ज करून घेतलेलं ‘किरकी’ आजही त्याच्याच नावाचं आहे, मग ते माझ्या खणात असो नाहीतर तुमच्या.