गशिंग (बिअर उसळणे)

न हलवलेली, नीट थंड केलेली बाटली उघडताच बिअर आपोआप उसळून सांडणे, या दोषाला मद्यनिर्मितीत गशिंग म्हणतात. गोव्यातल्या तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) अशी बाटली निघाली की बोल लागतो तो उन्हाला, नाहीतर पेटी आपटणाऱ्या पोराला. हलवलेली बाटली थंडाव्यात तासभर उभी ठेवली की निवते. गशिंगची निवेलच असे नाही.

बाटलीच्या आतली खरबरीत काच किंवा कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक यांमुळे होणारे गशिंग द्वितीयक. प्राथमिक गशिंगचे मूळ जवावरच्या बुरशीत, विशेषतः फ्युसेरियममध्ये आहे. या बुरशी हायड्रोफोबिन नावाची लहान प्रथिने स्रवतात (हे नाव 1991 पासून रूढ). त्यांची एक बाजू जलविरोधी, दुसरी जलस्नेही असते. सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या आठ घटकांमधील चार डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधांमुळे रेणू इतका घट्ट राहतो की वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड अर्क, उकळूनही तो टिकतो. लिटरमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भागही बाटली उसळवायला पुरतो.

ही प्रथिने नेमके काय करतात, याविषयी मतभेद आहेत. त्यांचे पुंजके बुडबुड्यांना केवळ बीज पुरवतात, असे एक मत. बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या संशोधकांच्या मते ती कार्बन डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांभोवती कवच धरतात आणि बूच निघून दाब उतरला की ते बुडबुडे फुटतात. दुसऱ्या मताने उसळीचा वेग अधिक नीट उलगडतो. जवाच्या एलटीपी-1 या प्रथिनाची भूमिका मात्र वादग्रस्त आहे. ग्लासातला फेस टिकवण्यात त्याचा वाटा असतो, हे सर्वमान्य.

गोव्यात जव पिकत नाही, माल्ट बाहेरून येते. त्यामुळे दोष इथल्या पावसाळ्याचा नसून जव फुलोऱ्यात असताना त्या दूरच्या शेतावर झालेल्या पावसाचा असतो. दमट गोदामात वाढतात त्या बुरशी मुख्यतः ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम. फेणीचा कडकपणा जोखताना बाटली हलवून बुडबुड्यांचे जे मणी पाहतात, त्यांचा इथे संबंध नाही. ऊर्ध्वपातनात प्रथिने मागेच राहतात.

उपाय थोडे आहेत. हॉपमधील (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतील) काही तेलांनी उसळी दबते. माल्ट तपासताना त्याचा अर्क सोडायुक्त पाण्याच्या बाटलीत घालून ती तीन दिवस हलवतात, मग उघडून सांडलेले पाणी वजन करून मोजतात. त्याहून जुनी खूण म्हणजे मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून त्यांतले लालसर डागाचे दाणे मोजणे.