तिरोडा वीजप्रकल्प आणि अदानी फाउंडेशन

तिरोडा हे गोंदिया जिल्ह्यातील, मुंबई–हावडा लोहमार्गावरचे तालुक्याचे ठिकाण. येथील औद्योगिक वसाहतीत अदानी पॉवरचा कोळशावर चालणारा वीजप्रकल्प आहे. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे ३३०० मेगावॅट. चंद्रपूरच्या सरकारी महाऔष्णिक केंद्राहूनही (२९२० मेगावॅट) मोठा. पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला. येथली वीज ७६५ केव्ही वाहिनीने कोराडी, अकोला, छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीचे औरंगाबाद) जाते.

समूहाचे प्रमुख गौतम अदानी (जन्म १९६२, अहमदाबाद) किशोरवयात मुंबईच्या हिरेबाजारात आले, १९८१ च्या सुमारास परतून थोरल्या भावाच्या प्लास्टिकच्या कारखान्यात लागले आणि १९८८ मध्ये त्यांनी निर्यातीचा व्यवसाय उभा केला. मुंद्रा बंदर व वीजनिर्मिती त्यानंतरची. भाऊ, मुलगे, पुतणे आजही कारभारात आहेत.

तिरोड्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील कोळसाखाणी मिळाल्या होत्या. त्या ताडोबाच्या जंगलाला लागून असल्याने चंद्रपुरात विरोध झाला, उपोषणही झाले. २००९-१० च्या सुमारास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पाऊल मागे घेतले आणि कोळसा दुसरीकडून आणावा लागला. पाणी मात्र जवळच्या वैनगंगेचे. हीच नदी या भागातल्या धानाच्या बांध्यांचीही, म्हणून प्रकल्पाचे दानकार्य पाण्यापासून वेगळे काढून पाहता येत नाही.

अदानी फाउंडेशन ही समूहाची समाजकार्याची संस्था १९९६ पासून आहे. अध्यक्ष प्रीती अदानी. तिरोडा परिसरात शाळा-आरोग्याच्या नेहमीच्या कामांपेक्षा तलावांचे खोलीकरण आणि धानाची ‘श्री’ ही रोवणीची पद्धत ही कामे अधिक नोंदण्याजोगी. भंडारा-गोंदियातले माजी मालगुजारी (जमीनदारीच्या काळातले), म्हणजेच मामा तलाव, बहुतांशी कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळाने भरत गेले. ‘श्री’ पद्धतीत आठ-बारा दिवसांचे कोवळे परे (रोपे) एकेक करून साधारण २५ सेंटिमीटर अंतरावर रोवतात. बियाणे व पाणी कमी लागते, पण निंदण वाढते. रोवणीच्या दिवसांत मजूर मिळत नसताना शेतकरी कचरतो तो इथेच.

यात दान किती आणि कर्तव्य किती? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर, शक्यतो स्थानिक भागात, खर्चावे लागतात. फाउंडेशन या कायद्याच्या आधीचे आहे हे खरे. तरी कंपनीकडून येणारा पैसा निखळ दातृत्वाच्या खाती मांडणे बरोबर नाही. जून २०२२ मध्ये कुटुंबाने जाहीर केलेले ६०,००० कोटी रुपये वेगळे. ती कुटुंबाची स्वेच्छेची घोषणा होती, आरोग्य, शिक्षण व कौशल्यविकासासाठी.

खोलीकरण झाले तरी तलाव कंपनीचे होत नाहीत. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे विभागाकडे. पाळ (बांध), नहर (कालवा) यांची पुढची दुरुस्ती त्यांच्याच अंगावर.