विधानसभेचं बटण, पदवीधरचा आकडा

विधानसभा सगळ्यांना पाठ आहे. २८८ मतदारसंघ, बटण दाबायचं, ज्याला जास्त मतं तो आमदार. विधान परिषदेचं नाव निघालं की मात्र कोल्हापुरात, शिकल्यासवरल्या घरातसुद्धा, तोच तो गोंधळ सुरू होतो.

किरकोळ फरक आधी उरकतो. परिषदेत ७८ जण. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ जणांना पदवीधर, ७ जणांना शिक्षक, आणि १२ जण राज्यपाल नेमतात. मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश निवृत्त होतात, म्हणून हे सभागृह विसर्जित होत नाही. विधानसभेला अध्यक्ष, परिषदेला सभापती; उलटं म्हटलेलं मला खटकतं. धन विधेयक परिषद १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही, सरकार पाडणंही तिच्या हातात नाही. ‘मग ती म्हणजे मागच्या दारानं येणाऱ्यांची सोय’ हे बोलणं मला मान्य नाही. रोजगार हमी योजनेसाठी झिजलेले वि. स. पागे परिषदेचेच सभापती होते, आणि आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले.

आता खरी अडचण. पुणे विभाग पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. १ डिसेंबर २०२० ला मतदान झालं तेव्हा आमच्या वहिनी, एम. ए. झालेल्या, मत देऊन घरी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, अशी ठळक बरोबरची खूण केलीय, कुणाला शंकाच येणार नाही." मी गप्प बसलो. ते मत बाद होतं.

इथं यंत्र नसतं, कागदाची मतपत्रिका असते. सोबत दिलेल्या जांभळ्या स्केच पेननं, ज्याला पहिली पसंती त्याच्या नावापुढच्या रकान्यात ‘१’ लिहायचा. बरोबरची खूण नाही, फुली नाही, अक्षरी ‘एक’ नाही, सही तर मुळीच नाही. ‘१’ नसेल तर बाकी काहीही लिहिलेलं मोजत नाहीत. पुढचे आकडे घालायचे की नाही हे तुमच्यावर. नेमकं इथंच लोक घसरतात: "दुसऱ्याला २ दिला तर आपल्या माणसाचं मत फुटतं," असं प्रचारातले कार्यकर्तेच छातीठोकपणे सांगत फिरतात. हे साफ चूक आहे.

हिशोब करून बघा. वैध मतं १००० धरू. जिंकायला लागणारा कोटा म्हणजे निम्म्याहून एक जास्त, ५०१. पहिल्या पसंतीत अ ला ४२०, ब ला ३८०, क ला २००. विधानसभा असती तर अ गुलाल उधळत निघाला असता. इथं कोटा कुणाचाच झालेला नाही, म्हणून सगळ्यात मागं राहिलेला क बाद होतो आणि फक्त त्याच्या २०० मतपत्रिका पुन्हा बघतात. त्यातल्या १५० वर ब पुढे ‘२’ आहे, ३० वर अ पुढे, आणि २० जणांनी नुसता ‘१’ लिहून हात झटकले. ब झाला ५३०, अ ४५०. ब निवडून आला.

यात अ च्या ४२० मतदारांनी ‘२’ कुणालाही दिला असता तरी अ चं एक मतही कमी झालं नसतं, कारण अ शेवटपर्यंत रिंगणात होता आणि त्यांचा ‘२’ कुणी बघितलाच नाही. तुमचा माणूस बाद झाला तरच तुमचा दुसरा आकडा जागा होतो. उलट, ते २० जण शेवटच्या फेरीत घरी बसल्यासारखेच झाले. म्हणून मी तर निदान तीन आकडे घालतोच, आणि घरच्यांनाही घालायला लावतो. एकच आकडा दोघांपुढे मात्र लिहायचा नाही. दोन ‘१’ म्हणजे मत बाद.

ही खबरदारी कामाला येते ती यादीत नाव असेल तरच. विधानसभेच्या यादीतलं नाव इथं चालत नाही, आणि मागच्या पदवीधर निवडणुकीतलंही नाही. यादी दर वेळी नव्यानं होते. "तुमचं नाव आहे की, परत कशाला अर्ज?" असं मला एका कार्यालयात खिडकीवरच्या माणसानं सांगितलं होतं, आणि मी ऐकून परत आलो असतो तर ते मत गेलं होतं. उमेदवार पदवीधर असावा लागत नाही, मतदार मात्र पदवीधर असावा लागतो, तोही अर्हता दिनांकाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या, आधी किमान तीन वर्षं पदवी मिळालेला. २०२० ला निवडून आलेल्यांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. अर्ज नमुना १८ चा, शिक्षकांसाठी १९ चा. सोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडायची. वहिनींचा अर्ज या खेपेला मीच भरणार आहे, आणि आकडे कसे घालायचे ते कोऱ्या कागदावर त्यांच्याकडून लिहून घेणार आहे.